मधल्या धारेपर्यंतचा रंग

या मित्रांनो, असे जवळ या. इतक्या लांब कशाला उभे राहिलात? चावेन म्हणून? चावलो आहे मी पुष्कळांना, नाही म्हणत नाही. पण आता तोंडात चावण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. बसा त्या ओल्या दगडांवर. मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगून झाली की एका प्रवासाला निघायचं आहे. गोष्ट एका म्हातारीची आहे, तिच्या सुनेची आहे आणि एका रंगाची आहे. हातातला दगड खाली ठेवलात तर बरं होईल. नाही ठेवलात तरी ऐका. मला सवय आहे.

मी एक जुना कुत्रा आहे. सरोवराच्या काठाशी, रंगाऱ्यांच्या ओढ्याजवळ, लव्हाळ्यात राहतो. गावात मला 'आजीबुडव्या' म्हणतात. पाण्याला येणाऱ्या बायका मला पाहून थुंकतात आणि बापेमाणसं नेम धरतात. माझा जन्माचा रंग पांढरा. सगळं दुःख इथून सुरू होतं.

तुम्ही अजून लहान आहात, म्हणून सांगतो. माणूस मेला की खालच्या वाटेला लागतो. एकमेकांवर आदळणारे डोंगर, अंगाची सालपटं काढणारा वारा, सगळं ओलांडत चार वर्षं चालतो, आणि शेवटी येते ती रुंद नदी. ती कुणालाही स्वतःच्या हातापायांनी पार करता येत नाही. काठावर त्याचा कुत्रा उभा असतो. धन्याला ओळखलं की तो पाण्यात उतरतो आणि धन्याला पाठीवर घेऊन पलीकडे नेतो. पण कुठला कुत्रा? पांढरा म्हणतो, "मी आत्ताच अंघोळ केली आहे, मी नाही पाण्यात येणार." काळा म्हणतो, "मला आत्ताच डाग लागलेत, मी नाही येणार." उतरतो तो फक्त पिवळा. म्हणून ज्या घरात म्हातारं माणूस, त्या घरात पिवळा कुत्रा. त्याला कुणी लाथ मारत नाही, कारण लाथ खाल्लेला कुत्रा नदीवर ओळख देत नाही. आणि धनी गेला की त्याच्या गळ्यात कापसाचा धागा बांधतात, कंठात बाण मारतात आणि बरोबर पाठवतात.

पांढऱ्याला हा मान नाही. पांढऱ्याला चुलीवरचं मडकं.

मी मडक्यासाठीच जन्मलो होतो. कुत्र्यांच्या बाजारगावात, कुंपणाच्या आत, मक्याच्या भरड्यावर आम्ही भावंडं वाढत होतो. आईनं मला काही शिकवायच्या आत मात्लाल नावाच्या मळेकऱ्यानं घायपाताच्या सुताची एक शाल देऊन मला घेतलं. काखेत मारून त्यानं मला घरी आणलं आणि बायकोपुढे ठेवलं.

त्याच्या बायकोचं नाव पापान. तिनं माझ्या बरगड्या चाचपल्या.

"हे काय आणलंत? माझ्या माहेरची माणसं येणार, त्यांना काय हाडं चघळायला देऊ?"

"वाढेल की गं. मका घाल रोज."

"मका घालून माणसं वाढेनात या घरात, कुत्रं कुठलं वाढतंय!"

मित्रांनो, आमचं वैर त्याच घटकेला जडलं. मी तिच्या बोटाला तोंड घातलं. तिनं मला कानाला धरून अंगणाच्या टोकाला टाकलं. तिथे रंगाची मडकी होती आणि मडक्यांपाशी मात्लालची आई बसली होती. तिचं नाव शोको. शोको म्हणजे शेंडेफळ. सगळी भावंडं कधीच खालच्या वाटेनं गेली होती, ही एवढी मागे राहिली होती आणि अजून शेंडेफळच होती. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे. झाडावर वाढणारी अमरवेल ठेचून, तिच्या वड्या करून, ती सूत रंगवायची. झेंडूलाही लाजवील असा तिचा पिवळा. तिच्या गुडघ्यांत मात्र सदाची कळ. थंडीत तिला उठवत नसे आणि बसवतही नसे.

मी कुडकुडत होतो. ऊब दिसली तिकडे गेलो आणि तिच्या गुडघ्यांवर चढून झोपलो. एवढंच मी केलं. यात माझं पुण्य काही नाही. पण आमच्या जातीचं अंग गरम असतं. म्हातारीची कळ थांबली. ती बसल्या जागी झोपली आणि उठली तेव्हा रडत होती. मग तिनं मला उचलून डोळ्यांसमोर धरलं आणि हळूच म्हणाली, "पांढऱ्या, तुला मी शिजू देणार नाही."

दुसऱ्याच दिवशी तिनं बोलायला सुरुवात केली.

"पापान, हे पिल्लू मला पिवळसर वाटतं गं."

"पिवळसर? सासूबाई, तुमचे डोळे पिवळे झालेत. कापसासारखं पांढरं आहे ते."

"पिल्लाची लव झडली की आतला खरा रंग दिसतो. माझ्या आईकडे होता असा एक."

"मग शिजवून बघू, आतून कुठला निघतो!"

म्हातारी नुसती हसली. पण सगळे मळ्यावर गेले की ती मला मांडीत घ्यायची. आधी तुरटीचं पाणी, मग अमरवेलीचा रंग, बोटांनी केसांच्या मुळापर्यंत. घाई तिनं केली नाही. पहिल्यांदा मी मक्याच्या कणसाच्या रेशमाइतका पिवळा झालो, मग दाण्याइतका, मग झेंडूइतका. रंग लावता लावता ती गायची. कुत्र्याच्या तोंडाचा तो आपला देव, तो एकदा खाली गेला, मेलेल्यांची हाडं तोंडात धरून वर आला आणि त्या हाडांची माणसं झाली, असं ते गाणं होतं. मधेच थांबून ती मला विचारायची, "मग माणसांना वर कुणी आणलं रे? सांग की!" मी शेपटी हलवायचो. "कुत्र्यानं आणलं. आणि ही माणसं कुत्र्याला काय देतात? मडकं!" इतकं बोलून ती पुन्हा गाण्याचं ध्रुवपद धरायची. तसं गाणं मी पुन्हा कुठे ऐकलं नाही.

लोकांसमोर ती मला 'पिवळ्या' म्हणायची, एकटी असली की 'पांढऱ्या'.

गाव बघायला आलं. मात्लालला इतका आनंद झाला की तो माझ्यापुढे वाकला. "आईची सोय झाली! देवानंच पाठवला!"  पापाननं म्हातारीच्या हातांकडे पाहिलं. पण रंगारणीचे हात पिवळे असायचेच, त्यात काय पकडणार?

मग पापानच्या माहेरची माणसं आली. पानात उकडलेले मक्याचे गोळे होते, काळा घेवडा होता, मिरचीच्या रश्श्यात तळ्यातले बेडूक होते. कुत्रं नव्हतं. तिच्या बापानं पान उघडून पाहिलं, बंद केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चला रे. लेकीच्या घरी आपल्याला बेडूक मिळाले. पुढच्या खेपेला डास मिळतील."

पापान पाट्याशी बसली होती. तिच्या हातातला वरवंटा थांबला. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी राजगिऱ्याचा मधातला लाडू खात होतो. म्हातारीनं दिलेला.

"तुझ्यामुळे, मेल्या," ती म्हणाली. "लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं, आणि तिनंही. पिवळ्या कुत्र्याला लाथ मारता येत नाही, म्हणून तिनं दुसऱ्या वाटा काढल्या. झाडताना सगळी धूळ माझ्या अंगावर. वारा माझ्या दिशेनं असला की चुलीत सुक्या मिरच्या. मी ठसकत, डोळे पुसत सरोवरापर्यंत पळायचो आणि मागून तिचं ऐकू यायचं, "काय झालं हो पिवळेराव? सर्दी झाली वाटतं!" मीही काही साधू नव्हतो. तिच्या मागाचा पट्टा मी चावून तोडला, अर्धं कापड विणून झालेलं असताना. तिची भाकरी चोरली. एकदा घोट्याला धरलं तिला, चांगलं दात रुतेपर्यंत. मला त्याचा पस्तावा झाला नाही. आजही नाही.

पण एक सांगायला हवं. म्हातारी मला गाणी म्हणायची आणि पापानला म्हणायची, "मीठ जास्त झालं." मला लाडू आणि तिला, "हे काय रांधलंस?" रंगाचं काम तिला शिकवायची तेही टोचून टोचून. "आधी तुरटी, मग रंग! किती वेळा सांगू? आणि एवढी तुरटी कशाला ओततेस? तुझ्या बापाची आहे का?" पापान दात आवळून सूत पिळायची. एकदा तिनं न राहवून विचारलं, "सासूबाई, त्या कुत्र्याशी बोलता तसं माझ्याशी कधी बोललात?"

"तो माझे गुडघे शेकतो," म्हातारी म्हणाली. "तू काय शेकतेस?"

मी तिच्या गुडघ्यांवरूनच पापानकडे पाहून दात दाखवले.

अशी वर्षं गेली. मग एका थंडीत शोकोआजीचा खोकला बसला तो उठलाच नाही. ती चटईवर पडून राहिली. एका दुपारी मात्लाल आत आला. त्याच्या हातात कापसाचा धागा होता. त्यानं तो माझ्या गळ्यात बांधला आणि डोळे पुसत उंबऱ्यात बसून बाणाला काळ्या काचदगडाचं नवं टोक बसवू लागला.

म्हातारीनं मान वळवली. तिला माझ्या गळ्यातला धागा दिसला.

मित्रांनो, आता नीट ऐका. तिनं मला पिवळं केलं म्हणून मी मडक्यातून वाचलो होतो. पण त्याच पिवळ्या रंगानं मला बाणासमोर आणून बसवलं होतं. गप्प राहिली असती तर आपला कुत्रा आपल्याबरोबर आहे या समाधानात तिचे डोळे मिटले असते. मी मेलो असतो, आणि खाली नदीवर माझा रंग पांढराच निघाला असता. बोलली तर मी वाचणार होतो, पण तिच्या घरचे, तिच्या गावचे सगळे तिला बुडाली असंच समजणार होते, आणि तीही तसंच समजून मरणार होती.

"पापान," ती म्हणाली, "राखेचं पाणी तापव. या कुत्र्याला अंघोळ घाल."

"आत्ता? तुमचा जीव चाललाय आणि कुत्र्याला अंघोळ?"

"घाल म्हणते ना!"

पापाननं रागारागात पाणी ओतलं. मी तिला चावलो, तिनं मला एक ठेवून दिली आणि पुन्हा ओतलं. माझ्या अंगावरून पिवळा ओघळ निघाला, अंगणातून वाहत गेला आणि रंगाच्या मडक्यांपाशी जाऊन थांबला. पापानचे हात थबकले.

"अहो," ती ओरडली, "अहो, बाहेर या! हा पांढरा आहे! हा मेला पांढरा आहे!"

मात्लाल धावत आला. त्यानं मला पाहिलं, आईला पाहिलं. "आई, हे काय केलंस तू? आता तुला कोण नेणार?"

"बघू."

"बघू काय? नदी आहे ती! ओढा आहे का उडी मारून जायला?"

तो तसाच शेजाऱ्याकडे पळाला. शेजारी विधुर होता, त्याच्याकडे चांगला पिवळा कुत्रा होता. त्याचं उत्तर आम्हाला आमच्या अंगणात ऐकू आलं. "माझा कुत्रा माझ्यासाठी आहे. तुझ्या आईला म्हणावं, आणखी एक रंगव!" आणि त्याच्या घरातली माणसं हसली.

घरात आम्ही तिघंच होतो. म्हातारी म्हणाली, "मला परका कुत्रा नकोच आहे. ओळख ना पाळख, त्याच्या पाठीवर कशी बसू?" आणि मग, "पापान, याला शिजवू नकोस."

पापान रडत नव्हती. तिचा आवाज मात्र फाटला होता. "मरतानाही त्याचंच? मी इतकी वर्षं तुमची उस्तवार केली, मला काही सांगायचं नाही तुम्हाला?"

म्हातारीनं तिच्याकडे मान वळवली. "तुझा हात तुरटीला फार सैल आहे," ती म्हणाली. श्वास घेतला. "पण तुझा रंग माझ्यापेक्षा पक्का बसतो."

त्यानंतर ती बोलली नाही.

खालच्या वाटेसाठी तिच्या तोंडात हिरवा मणी ठेवला आणि तिला अग्नी दिला, कुत्र्यावाचून. मात्लालनं माझ्या गळ्यातला धागा तोडून चुलीत टाकला. त्यानं बाण माझ्यावर रोखला. पण आईचा शेवटचा शब्द पापाननं त्याच्या कानावर घातला होता, म्हणून त्यानं बाण ठेवला आणि दगड उचलला. "तू बुडवलंस माझ्या आईला! चालता हो!" तो दगड इथे लागला, या डोळ्याच्या वर. तेव्हापासून हा डोळा नीट उघडत नाही.

मी ओढ्यावर आलो आणि इथेच राहिलो. दरवर्षी तिच्या नावानं जेवण व्हायचं, धुपाचा वास इथपर्यंत यायचा, मला कुणी तुकडा टाकला नाही. ज्यांनी माझ्यापुढे मान वाकवली होती त्यांनीच मला कुंपणातून हाकललं. रंग वरवरचा होता, मित्रांनो, आत मी तोच होतो. पण त्यांनी रंगालाच मान दिला आणि रंग गेल्यावर मला दगड दिले.

म्हातारीचं काम पापाननं हाती घेतलं. ती सूत धुवायला या ओढ्यावर यायची. मला पाहिलं की पहिला दगड तिचा. लागायचाही. तिचा नेम उत्तम आहे. मी तिचं धुतलेलं सूत चिखलात ओढायचो. ती माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. इतक्या वर्षांत माझ्याशी बोलणारं माणूस म्हणाल तर तेवढीच.

आज चौथं वर्ष भरलं. गावात शेवटचं जेवण आहे. मी कालपासून उठलेलो नाही, मागचे पाय गेलेत. सकाळी पावलं वाजली. पाहतो तर पापान, आणि तिच्या काखेत मडकं.

"जिवंत आहेस की मेलास, मेल्या?"

मी गुरगुरलो.

"गुरगुरू नकोस. मला काही हौस नाही आली इथे यायची." ती खाली बसली आणि तिचे गुडघे कडकड वाजले. "सासूबाई आज नदीवर पोचतील. रोज स्वप्नात येतात. कुठे डोंगर चढतायत, कुठे वाऱ्यात उभ्या आहेत. आणि तिथून मला काय सांगतात? तुरटी कमी घाल!"

तिनं मडक्यात हात बुडवला आणि माझ्या पाठीवर ठेवला. कोमट होता. आधी तुरटी, मग रंग. बोटांनी, केसांच्या मुळापर्यंत. तिचे हात आता कोपरापर्यंत पिवळे आहेत.

"पांढऱ्या," ती म्हणाली. या नावानं तिनं मला पहिल्यांदा हाक मारली. "हा रंग पाण्यात जाईल, मला माहीत आहे. जाऊ दे. मधल्या धारेपर्यंत टिकला की झालं. मधल्या धारेतून कुणाला परत फिरवत नाहीत. आणि टिकेल. माझा रंग पक्का बसतो." तिनं नाक पुसलं, तिच्या नाकाला पिवळं लागलं. "काठावर कुणी काही विचारलं तर तोंड मिटून राहा. अंघोळीचं नाव काढलंस तर मी स्वतः खाली येईन आणि तुला तिथेच शिजवीन, सांगून ठेवते."

मग तिनं तिच्या लग्नातल्या कापडाच्या काठाचा धागा ओढून काढला आणि माझ्या गळ्यात बांधला. तिचा हात माझ्या तोंडाशी होता. तिला ठाऊक होतं, तरी तिनं तो काढून घेतला नाही. मी चावलो नाही. चाटलंही नाही. आमचं वैर होतं, ते असं एका सकाळीत जात नसतं.

ती गेली. जाताना सवयीनं तिनं दगड उचलला, हातात खेळवला आणि पाण्यात टाकला.

आता मी निघतो. माणसांना चार वर्षं लागतात. आम्ही वासावर जातो, आम्हाला एवढा वेळ लागत नाही. म्हातारीची काळजी करू नका. रंग टिको वा न टिको, मी पाण्यात उतरणार आहे. ज्या देवानं हाडं वर आणली तो पिवळा होता की पांढरा, हे तिच्या गाण्यात कुठेच नव्हतं.

पण मित्रांनो, पापानकडे कुत्रा नाही. माझ्यानंतर तिनं पाळलाच नाही. विचारलंत तर म्हणेल, कुत्री मला आवडत नाहीत. तीही एक दिवस त्या नदीवर पोचेल, पिवळे हात घेऊन, काठावरच्या सगळ्यांशी भांडत, आणि तिच्यासाठी तिथे कुणी उभं नसेल. मी तिचा नाही. आमच्यात ज्याचा कुत्रा त्यालाच नेतो, हा नियम मला मोडता येणार नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या घरी पिल्लं झाली तर एक तिच्या मडक्यांपाशी नेऊन सोडा. रंग कुठलाही असू द्या. ती शिव्या देईल, धूळ उडवील, मिरच्या जाळील. पिल्लाला सांगा, जाऊ नकोस. तिचेही गुडघे आता दुखतात.

एवढी पापानची आठवण ठेवा.